कंबर, लकवा आणि वाड्याचा जिना

जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शाळेच्या पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोतून उतरू लागतात. उतरवणारा माणूस गठ्ठा आधी मांडीवर घेतो, मग पोटाशी, आणि तिथून एका हिसक्यात खांद्यावर. दुकानाला पोटमाळा असेल तर पुढे शिडी आलीच. जवळच तपकीर गल्लीत वायरची भेंडोळी आणि पंख्यांची खोकी अशीच इकडून तिकडे होत असतात. सोन्या मारुतीच्या बाजूला सराफी कारागीर मांडी घालून, मान मोडून, ठिणगीएवढ्या कामावर तासन् तास नजर लावून बसलेले असतात. पावसाळ्यात ढोल पथकांचा सराव सुरू झाला की वर्षभर खुर्चीत बसलेली पोरंपोरी कमरेला ढोल बांधून उभी राहतात. बुधवार पेठेत कंबर, मान, खांदा आणि मनगट यांना काम कमी नाही.

हे झाले रस्त्यावरचे. जोगेश्वरी मंदिराच्या मागच्या बोळांत जे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसे राहतात. जिना लाकडी, अरुंद, दिवसाही अंधारा. धरायला वरून सोडलेला दोर. एखाद्याला पॅरालिसिसचा झटका येतो, दवाखान्यातून घरी आणतात, खुर्चीत बसवून चौघे वर चढवतात, आणि त्यानंतर तो माणूस वर्षानुवर्षे खाली उतरत नाही. औषधे वेळेवर मिळतात, जेवण मिळते, माणसेही प्रेमाची असतात. फक्त जिना उतरायला कोणी शिकवलेले नसते.

फिजिओथेरपीची ही दोन क्षेत्रे. एक हाडे, सांधे आणि स्नायूंचे. दुसरे मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतूंचे. पुस्तकांत ती वेगवेगळ्या भागांत शिकवतात, पण दोन्हींकडे औषध एकच आहे: हालचाल. ती किती करायची, कधी वाढवायची आणि कोणत्या जागेत करायची, हे ठरवणे म्हणजे फिजिओथेरपी. या प्रकरणात मला मुख्यतः मात्रा आणि जागा या दोनच गोष्टींबद्दल बोलायचे आहे, कारण बहुतेक रुग्णांचे नुकसान तिथेच होते.

कमरेपासून सुरुवात करू. गठ्ठा उचलताना कंबर धरली, कळ मांडीतून पायात गेली, माणूस वाकडा झाला. घरात लगेच निदान होते: गादी सरकली, शिर दबली. चांगला फिजिओथेरपिस्ट यंत्राला हात लावण्याआधी त्या माणसाला नीट तपासतो. खोकल्यावर कळ वाढते का, पाय सरळ ठेवून उचलला तर कुठपर्यंत जातो, टाचांवर चार पावले चालता येते का, चवड्यांवर येते का. पायाचा अंगठा वर खेचायला सांगून तो बोटाने खाली दाबतो. अंगठा सहज दबला तर कमरेतल्या पाचव्या मज्जातंतूवर संशय. एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नसेल तर त्याच्या खालच्यावर. स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात आणि ते लिहून ठेवतात, म्हणजे पंधरा दिवसांनी सुधारणा झाली की नाही हे अंदाजावर राहत नाही. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती झालीच नाही आणि थेट मशीन लागले, तर रुग्णाने कारण विचारावे.

एमआरआयचा अहवाल हा आपल्याकडे भीतीचा मोठा कारखाना झाला आहे. 'डिस्क डीजनरेशन' वाचून पस्तिशीतला माणूस वजन उचलायचे कायमचे सोडतो. २०१५ मध्ये एका आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे चित्रात झीज दिसणे आणि दुखणे यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. चित्र खोटे नसते, पण तपासणीशी ते जुळले तरच त्याला अर्थ असतो.

तसाच गैरसमज विश्रांतीचा. पूर्वी कंबर धरली की फळीवर झोपून राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर सरळ प्रयोग केला: काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. त्यानंतरच्या अभ्यासांनी तेच पुन्हा दाखवले. जमेल तेवढे हिंडत-फिरत राहणारा माणूस लवकर बरा होतो. साधी उसण असेल तर बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांत ओसरते.

आता 'करंट'. पेठेतल्या कोणत्याही दवाखान्यात संध्याकाळी गेलात तर कॉटवर पालथी झोपलेली माणसे दिसतील. कुणाच्या पाठीवर पॅड चिकटवलेले, कुणाला शेक, कुणाला कमरेला वजन लावलेले. या उपचारांनी काही काळ बरे वाटते, हे खरे आहे, आणि दुखणे इतके असेल की माणूस वळूही शकत नाही, तर त्या थोड्या आरामाचा उपयोग करून त्याला हलते करता येते. पण दहा दिवस मशीन आणि व्यायाम शून्य, हा उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या आणि विशिष्ट कारण न सापडलेल्या दुखण्याबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ट्रॅक्शन (वजन लावून कमरेला ताण देणे), कमरेचा पट्टा, अल्ट्रासाउंड आणि टेन्स ही विजेची पॅड नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची मात्र शिफारस आहे. रुग्णांनाही मशीन हवे असते, कारण पैसे दिल्यासारखे वाटते. फिजिओथेरपिस्टला एका वेळी चार कॉट सांभाळता येतात. दोघांची सोय होते, कंबर तिथल्या तिथे राहते.

एका बाबतीत मात्र थांबायचे नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद पटापट कमी होऊ लागली, तर व्यायाम, शेक, मालीश सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे तासांचा हिशोब असतो. ताप, वजन घटणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांच्याबरोबर आलेले पाठीचे दुखणेही आधी डॉक्टरांनी पाहायला हवे.

कंबर बरी झाल्यावर गठ्ठा पुन्हा उचलायचाच असतो, कारण घर त्यावर चालते. म्हणून हमालाला 'वजन उचलू नका' असे सांगणे म्हणजे काही न सांगणे. त्याला वजन उचलायलाच शिकवावे लागते: आधी रिकामे खोके, मग पाच किलो, मग दहा, पाय रोवून, ओझे अंगाशी घेऊन, वळायचे तर कमरेतून नव्हे, पावले टाकून. ऊती ताणाला सरावतात, पण हळू. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला महिने लागतात. ढोल पथकातली मुले नेमकी इथे अडकतात. अकरा महिने काही नाही, आणि मग एकदम रोजचा सराव. मेपासून आठवड्यातून तीनदा मांड्या, पाठ आणि खांद्यांचा व्यायाम केला, सरावाचे तास थोडे-थोडे वाढवले, तर मिरवणुकीच्या दिवसापर्यंत कंबर तयार होते. इतके साधे असूनही फार थोडी पथके ते करतात याचे मला वाईट वाटते.

पण सगळा भार व्यायामावर टाकणेही अन्यायाचे आहे. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर देऊन मग त्याला पाठीचे व्यायाम शिकवण्यात काही अर्थ नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याची मागणी लावून धरली, ती माझ्या मते कंबरदुखीवरची उत्तम प्रतिबंधक उपाययोजना आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका माणसाने वाहायच्या कमाल ओझ्याबाबत १९६७ मध्ये करार केला, त्याच्या सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने तो करार २०१० मध्ये मान्य केला.

अंगदुखी किती पसरली आहे याची मोजणी पुण्याजवळ झालेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. त्यांत गुडघ्याचे दुखणे आपल्याला सर्वांत ओळखीचे. 'वंगण संपले' म्हणून बसून राहणाऱ्या काकूंच्या मांडीचा पुढचा स्नायू आणखी रोडावतो आणि गुडघ्यावरचा ताण वाढतो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, दिवसातून काही वेळा, हा गुडघ्यावरचा जुना आणि खात्रीचा व्यायाम आहे. सुरुवातीला थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणे आदल्या पातळीवर आले, तर मात्रा बरोबर. नाही आले, तर दहाच्या जागी सहा वेळा.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती युद्ध आणि पोलिओ या दोन आपत्तींमुळे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला. तोवर असे रुग्ण अंथरुणावरच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरत. गुटमन यांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावले, उठवले, खेळायला लावले. १९४८ मधल्या तिथल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. त्या पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक आपल्या सांगलीकडच्या माणसाने आणले. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. मूळचे मुष्टियोद्धे, उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून गेले. खडकीला अशा सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आजही चालते. मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये दवाखाना काढला, त्याच्या मागे त्यांची स्वतःची पोलिओ झालेली मुलगी होती. आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पेठेतला आजचा फिजिओ या परंपरेतून आला आहे.

आता पुन्हा वाड्यात जाऊ. समजा, जोगेश्वरीजवळच्या बोळात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या एका काकांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली, उजवा हात आणि पाय गेला. पहिली घाई रुग्णालयाची. गाठ विरघळवणारे इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि बोळात रुग्णवाहिका येत नाही हे लक्षात घेऊन तेवढा वेळ आधीच वजा करावा. या टप्प्यावर कोणी मालीशवाल्याकडे नेतो, कोणी कबुतराच्या रक्ताचा लेप सुचवतो. प्रत्येक सल्ला आपुलकीने दिलेला असतो, आणि प्रत्येक सल्ल्यात तास जातात.

फिजिओथेरपी रुग्णालयातच सुरू होते. पण तिथेही मात्रा आहेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या मोठ्या चाचणीत दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. ज्यांना पहिल्या चोवीस तासांतच उठवून वारंवार आणि बराच वेळ हालचाल करायला लावली, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा काहीशी वाईट निघाली. त्यामुळे पहिल्या दिवशी कुशीवर वळवणे, हातपाय नीट ठेवणे. मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बसवणे, थोडे-थोडे आणि पुन्हा-पुन्हा.

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. शेजारचे भाग काम शिकतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद असतो तेव्हा पेठेतला माणूस बोळाबोळांतून घरी पोहोचतो. पहिल्यांदा चुकतो, चौथ्यांदा पाय आपोआप वळतात. मेंदूतही तसेच होते, पण बोळ चालला तरच वाट पडते. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसले: मेंदूला छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांकडून हाताचे कौशल्य पुन्हा करून घेतले, त्यांच्या मेंदूतली हाताची जागा टिकली. अशा प्राण्यांच्या प्रयोगांत हाताची तीच कृती रोज शेकडो वेळा होते. माणसांच्या उपचारांत किती होते? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उपचारांची सत्रे बसून मोजली गेली. हाताने काहीतरी काम करण्याची कृती एका सत्रात सरासरी ३२ वेळा झाली. अर्ध्या-पाऊण तासात बत्तीस. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्यावरच अडकून राहिलो. उरलेल्या शेकडो आवृत्त्या घरात व्हायला हव्यात, आणि त्या घरच्यांना कोणी सांगितलेल्याच नसतात.

काकांच्या बाबतीत हे असे दिसते. समोर ओट्याएवढ्या उंचीचे टेबल, त्यावर स्टीलचा पेला. उजवा हात टेबलावर, बोटे मिटलेली. फिजिओ मॅडम म्हणतात, "काका, आधी बोटं उघडायची. पेला नंतर." बोटे उघडायला वेळ लागतो, कपाळावर घाम येतो. काकू पटकन पुढे होऊन बोटे सोडवू लागतात. "काकू, तुम्ही मोजा फक्त." पेला धरला, एक वीतभर उचलला, उजवीकडे ठेवला. एक. दहा झाले की विश्रांती. पेला सोपा वाटू लागला की त्यात पाणी, मग तांब्या, मग कडी उघडणे, किल्ली फिरवणे. खांदा वर करून किंवा अंग तिरके करून काम उरकले तर ते मोजायचे नाही. हातात थोडी हालचाल परतली असेल तर आणखी एक पद्धत आहे: चांगला हात जाड मोज्यात बंद करून दिवसभर अधू हातानेच कामे करायची. २००६ मध्ये २२२ रुग्णांच्या चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्यांनाही, दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा झाला. मनगट आणि बोटे जराही उचलली जात नसतील तर ती पद्धत चालत नाही. वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे. सहा महिने उलटले की सगळे संपले, हे खरे नाही.

खांद्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. लकवा झालेल्या खांद्याचा सांधा ढिला असतो, स्नायू त्याला धरून ठेवत नाहीत. घरचे लोक उठवताना नेमका तोच हात ओढतात, काखेत हात घालून उचलतात. खांदा निसटतो, पुढे इतका दुखतो की हाताचा व्यायामच बंद पडतो. उठवायचे तर कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरून उठवावे. झोपवताना अधू हाताखाली उशी, चालताना तो लोंबत राहू नये.

मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. हे बहुतेकांना शिकवतात. पण वाड्याच्या जिन्याला दोर किंवा कठडा एकाच बाजूला असतो. काकांचा डावा हात चांगला आहे आणि चढताना दोर डावीकडे आहे, म्हणून ते सराव करून वर जातात. उतरायला वळले की तोच दोर उजवीकडे येतो, अधू हाताच्या बाजूला. इथेच माणूस वर अडकतो. उपाय दोन. भिंतीच्या बाजूला सुताराकडून आणखी एक कठडा बसवणे, हा उत्तम. ते होणार नसेल तर जिन्याकडे तोंड करून, चढल्यासारखाच दोर डाव्या हातात ठेवून, उलटे उतरायला शिकवणे. खाली एक माणूस पट्टा धरून, एकेक पायरी, फिजिओच्या देखरेखीत पुरेसा सराव झाल्यावरच. पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी, जिन्यात दिवा. पाऊल लोंबत असेल तर पायात एएफओ, म्हणजे घोट्याला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी. दवाखान्यातल्या तीन पायऱ्यांच्या ठोकळ्यावर हे काहीच कळत नाही, त्यासाठी फिजिओला वाड्यात यावे लागते.

काकांना ध्येय विचारले तर ते 'हाताची ताकद' म्हणत नाहीत. दगडूशेठ गणपतीला पायी जाऊन यायचे म्हणतात. फार दूर नाही, पण त्यात बोळातली उखडलेली फरशी, शिवाजी रस्त्याची वाहने, फुलवाल्यांची गर्दी, चप्पल काढणे-घालणे एवढे सगळे आहे. म्हणून सरावही तसाच: चालता-चालता बोलणे, मान वळवून पाहणे, कोणी आडवे आले तर थांबणे, उभ्याने एका हाताने चप्पल सारणे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हे मोजत राहतात. ती वेळ कमी होत गेली की घोळक्यात जायची परवानगी.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, घर उलट मदतीला येते. या आजारात चालता-चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, विशेषतः दारात आणि वळणावर. इंग्लंडमधले मज्जातज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये दाखवले की जमिनीवर आडव्या रेषा असल्या तर असे रुग्ण त्या ओलांडत चांगले चालतात. आपोआप पाऊल उचलण्याची यंत्रणा बिघडलेली असते, पण डोळ्यांनी पाहून मुद्दाम टाकलेले पाऊल वेगळ्या वाटेने येते. म्हणून सपाट खोलीत अडखळणारे आजोबा कधीकधी जिना सहज चढतात. शहाबादी फरशीचे सांधे अशा माणसाला वाट दाखवतात. गुळगुळीत नव्या टाइल्सवर रंगीत चिकटपट्ट्या लावून तेच करता येते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे अशा युक्त्या रुग्ण एकमेकांना सांगतात.

मात्रा जास्त झाली तर काय होते, हे समजायला २०२५ च्या सुरुवातीचे पुणे आठवावे. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. दोनशेहून अधिक लोकांची नोंद झाली, काही दगावले, अनेकांच्या तपासणीत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कँपायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांपासून लुळेपणा चढत जातो, साधारण चार आठवड्यांत थांबतो, आणि मग हळूहळू उतरतो. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपले आपण चालू लागतात, पण मज्जातंतूचा आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर डोळ्यांपुढे आणावे. अशा वेळी लकव्यासारखे शेकडो वेळा घोटून घेतले तर उरलेले तंतू थकतात आणि ताकद घटते. सुरुवातीला फुप्फुसांचे व्यायाम, सांधे आखडू न देणे, कुशीवर वळवणे; ताकद येऊ लागली की थोड्या आवृत्त्या, मध्ये भरपूर विश्रांती. दुसऱ्या दिवशी थकवा उरला तर आदल्या दिवशी जास्त झाले. तरुण रुग्णांना हे पाळणे सर्वांत कठीण जाते.

राहिल्या काकू. काकांना दिवसातून कितीदा तरी उठवणे, वळवणे, संडासला नेणे. आणि त्यांचे स्वतःचे गुडघे आधीपासून दुखणारे. सहा महिन्यांत त्यांची कंबर धरते आणि घरात दोन रुग्ण होतात. हे टाळता येते. कॉट खाली असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घालून काकूंच्या मांडीच्या मध्यापर्यंत आणावी. बसल्यावर काकांचे तळवे मात्र जमिनीला टेकले पाहिजेत, ठोकळे तेवढेच उंच. वळवण्यासाठी अंगाखाली आडवी दुमडलेली चादर, ओढायचे ते चादरीला. उठवताना काकांनी आधी कडेला सरकायचे, पावले गुडघ्यांच्या मागे घ्यायची, पुढे इतके वाकायचे की नाक पावलांच्या पुढे येईल, आणि मग "एक, दोन, तीन" वर उठायचे. वजन पुढे आले की निम्मे काम त्यांचे त्यांनाच करता येते. वाड्याचा संडास सामायिक आणि भारतीय बैठकीचा असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खोलीत ठेवावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मुलगा, सून, शेजारी यांपैकी आणखी एकाला हे सगळे शिकवून ठेवावे. आणि राज्य परिषदेकडे नोंदणी असलेला फिजिओ घरी आला, की काकांची तपासणी झाल्यावर त्याला सांगावे, आता काकूंची कंबर आणि गुडघेही बघा, आणि त्यांचे व्यायाम वेगळ्या कागदावर लिहून द्या.